फ्लोराइडच्या मागोमाग

मार्चचं ऊन तापायला लागलं की शहापुरात दोन प्रकारची माणसं दारावर येतात. एक कलिंगडवाला आणि दुसरा पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा. कलिंगडवाल्याचं मला कौतुक आहे, तो कापून दाखवतो. यंत्रवाला पेल्यात दोन तारा बुडवतो, पाणी तपकिरी होतं, आणि इतकी वर्षं मी घरच्यांना विष पाजत आले अशा नजरेनं तो माझ्याकडे बघतो. परवा आलेल्याला मी विचारलं, "यात नेमकं काय आहे?"

"मॅडम, खराबी आहे."

"कुठली खराबी?"

"पाण्यातली."

बिचारा उन्हातून आला होता. मी त्याला बसवून लिंबाचं सरबत दिलं, त्याच पाण्याचं. ते त्यानं आवडीनं प्यायलं आणि अजून अर्धा पेला मागितला.

नेमकं काय आहे, हे विचारायची खोड मला मुरबाडला लागली. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी राहायची शहापुरात आणि मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या खासगी प्रयोगशाळेत केमिस्ट होते. सकाळची एसटी किन्हवली, सरळगाव करत जायची. किन्हवलीला भाजीच्या पाट्या चढायच्या, त्यामुळे मी कामावर पोचायची ती कोथिंबिरीचा वास घेऊन, आणि पोचल्यापासून माझ्याकडून अत्यंत शुद्धतेची अपेक्षा असायची.

प्रयोगशाळा म्हणजे खाली वेल्डिंगचं दुकान आणि वर आम्ही. सामंतसाहेब मालक होते, मुख्य केमिस्ट होते आणि फ्यूज उडाला तर तो बसवणारेही तेच होते. त्या वर्षी त्यांनी बंद पडलेल्या एका औषध कारखान्यातून जुनं आयन क्रोमॅटोग्राफ आणलं. पाण्यात विरघळलेले बारीक बारीक क्षार वेगळे करून दाखवणारं यंत्र. त्याला थंड हवा लागते म्हणून त्याच्या खोलीला एसी बसला. साऱ्या इमारतीत तो एकच. त्या मार्चमध्ये यंत्राची विचारपूस करायला जेवढी माणसं आली तेवढी एखाद्या बाळंतिणीला बघायला येत नाहीत. खालचा वेल्डिंगवालासुद्धा "मशीन बरं आहे ना" म्हणत यायचा, एसीकडे पाठ करून उभा राहायचा, आणि यंत्राकडे न बघताच परत जायचा.

येईल त्याला साहेब यंत्र समजावून सांगायचे. त्यांचं एक ठरलेलं भाषण होतं. "म्हसा गावच्या जत्रेत एका टोकानं माणसं आत सोडा. ज्याला काही घ्यायचंच नाही तो सरळ चालत दुसऱ्या टोकानं बाहेर पडतो. घोंगडीवाल्यापाशी रेंगाळणारा मागे राहतो. आणि बैल बघायला थांबलेला उगवतो दिवेलागणीला." जत्रा म्हणजे यंत्रातली एक बोटभर जाडीची नळी. तिला आम्ही कॉलम म्हणत असू. माणसं म्हणजे पाण्यातले आयन. कशात न गुंतणारा फ्लोराइड आधी बाहेर, मग क्लोराइड, नायट्रेट, आणि बैल बघत बसलेला सल्फेट शेवटी. सगळ्यांना मागून ढकलत न्यायला सोडा घातलेलं पाणी सतत वाहत असायचं. जो बाहेर पडेल त्याची कागदावर एक टेकडी उमटायची. जेवढी टेकडी मोठी, तेवढा तो क्षार जास्त.

त्या टेकडीला इंग्रजीत पीक म्हणतात, आणि त्यावरून आमच्याकडे रोज घोटाळा व्हायचा. तो करणारे भोईरमामा. गावोगावच्या पाण्याचे नमुने आणायचं काम त्यांचं होतं. पन्नाशी उलटलेले, परीटघडीचा पांढरा सदरा, खिशाला पेन, आणि आपल्या गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष. रोज दारातून आत डोकावून ते विचारायचे, "मॅडम, आज पीक कसं हाय?" मी म्हणायची, "बरं आलंय." मग ते समाधानानं मान हलवायचे. त्यांच्या घरी तीन पिढ्या भातशेती होती, त्यामुळे माझ्या पिकाबद्दल त्यांना खरोखरची काळजी वाटत असे. एकदा सल्फेटची टेकडी कागदाच्या वर निघून गेली तेव्हा ते म्हणाले, "एवढं पीक आलं तर ठेवाल कुठं?"

पाणी आटायचे दिवस सुरू झाले तसे पंचायतींचे नमुने येऊ लागले. विहिरी, बोअर, हातपंप. त्यातला एक होता शेणव्याच्या पुढच्या डोंगरातल्या एका वाडीचा. वर्षभरापूर्वीच तिथं बोअर मारून हातपंप बसवला होता. त्या नमुन्यात फ्लोराइडची टेकडी आली ती अशी की मी दोनदा चष्मा पुसला. एवढं फ्लोराइड रोज पोटात गेलं तर दात डागाळतात, हाडं वाकतात. पण आसपासच्या कुठल्याच बोअरला ते नव्हतं, आणि टेकडी मला काहीशी पसरट वाटत होती. मी साहेबांना तसं सांगितलं.

साहेब म्हणाले, "यंत्र म्हणतंय ना फ्लोराइड?"

"यंत्र नुसती टेकडी काढतं, साहेब. नाव आपण देतो."

"मग नमुना परत आणा."

भोईरमामा परत गेले, परत घेऊन आले, परत तीच टेकडी. आता शंकेला जागा कुठली? अहवाल गेला. पंचायतीनं पंपाला लाल रंग फासला आणि त्याचा दांडा काढून नेला.

मला वाटलं, प्रकरण संपलं. पण एका दुपारी जिन्यात बायकांचा आवाज आला आणि तीन-चार जणी वर आल्या. पुढे होती काशीबाई. साठीची, काटकुळी, आखूड नेसलेलं लुगडं, पायात काही नाही. वाडीहून एसटी पकडून ती मुरबाडला आली होती. साहेबांना बघून तिनं विचारलं, "आमचं पानी वाईट हाय म्हनून कोन बोलला?"

साहेबांनी शांतपणे माझ्याकडे बोट केलं. मी यंत्राकडे केलं.

काशीबाईनं यंत्र नीट न्याहाळलं. थंड हवेत तिला शिंक आली. "ह्याला कसं कळलं?"

मी कागद काढून तिला टेकडी दाखवली. ही एवढी असायला हवी होती, ही एवढी आली, असं बोटांनी सांगितलं. तिनं कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "एवढ्याशा टेकडीपायी आमी त्या दरीत उतरतो व्हय? ये एकदा. आमची टेकडी बघ."

दांडा काढल्यापासून वाडीतल्या बायका पुन्हा खाली ओहळात जात होत्या. वाळूत खणलेल्या खड्ड्यात वाटीवाटीनं पाणी साचायचं, ते भरायचं आणि हंडा डोक्यावर घेऊन उभी चढण चढायची. हे सांगताना ती रागावलेली नव्हती. शेजारणीला वाट समजावून सांगावी तसं सांगत होती. आमचा चहा मात्र तिनं घेतला नाही. म्हणाली, "तुमचं पानी तरी तपासलंय का?"

त्या गेल्यावर मी तो कागद परत बघितला. डाव्या अंगानं टेकडी सरळ चढत होती. उजव्या अंगाला मात्र तिचं पोट सुटलेलं होतं. एकट्या माणसाची सावली अशी पडत नाही. फ्लोराइडच्या पाठीला पाठ लावून आणखी कोणीतरी बाहेर पडत असावं, आणि यंत्र दोघांना एकच समजत असावं. यंत्राबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत मी शोधलं तर फ्लोराइडच्या अगदी मागोमाग येणाऱ्यांत ॲसिटेटचं नाव होतं. म्हणजे व्हिनेगरमधलं, आंबलेल्या पदार्थांमधलं आम्ल.

दोघांना वेगळं काढायचं तर मागून ढकलणारी गर्दी कमी करायला हवी. मी सोड्याचं पाणी पातळ केलं आणि वेग उतरवला. कोणी ढकलेनासं झालं की ज्याला रेंगाळायचं तो रेंगाळतो, आणि मग कळतं कोण कोणासोबत होतं आणि कोण नुसतंच शेजारून चालत होतं. हे मला तेव्हा फार मोठं तत्त्वज्ञान वाटलं होतं. एसटीत खिडकीशी बसून मी ते सगळ्या ओळखीच्या माणसांना लावून बघत असे. आमच्या घरातल्या कितीतरी गोष्टी आम्ही घाईघाईनं एकाच नावाखाली ढकलल्या होत्या. सासूबाईंचा राग म्हणून आम्ही जे धरून चाललो होतो त्यातला निम्मा त्यांच्या गुडघेदुखीचा होता, हे मला त्या आठवड्यात उमगलं.

साहेबांना मात्र या तत्त्वज्ञानाचा जाच झाला. सगळंच संथ झाल्यामुळे शेवटचा सल्फेट यायला इतका वेळ लागे की त्यांचे दोन चहा होत. कारखान्यांचे नमुने खोळंबले. "बाई, तुमचा तो बैल बघायला गेलेला आला का?" ते दारातून विचारत. "निघालाय," मी म्हणे. त्यात लोडशेडिंग. रेघ सपाट व्हायची, पहिली टेकडी उगवायला लागायची, आणि नेमके दिवे जायचे. एसी बंद, पंप बंद, जत्रेतली माणसं जिथल्या तिथं उभी. दिवे आले की पुन्हा पहिल्यापासून. वेल्डिंगवाला खालून ओरडून विचारायचा, "आली का?" त्याला वीज म्हणायचं असे, आणि मी वरून "अर्धीच आली" असं उत्तर देत असे.

अखेर एका सकाळी वीज टिकली आणि टेकडीच्या डोक्याला खाच पडली. मी सोडा आणखी किंचित पातळ केला. खाच खोल होत गेली, आणि एका टेकडीच्या दोन झाल्या. पुढची चिमुकली, मागची चांगली गरगरीत. नमुन्यात थोडं फ्लोराइड मुद्दाम मिसळलं तर पुढची वाढली. साध्या शुद्ध पाण्यात ॲसिटिक ॲसिडचा थेंब टाकून सोडलं तर टेकडी बरोबर मागचीच्या जागेवर आली. खोलीत चायनीजच्या गाडीसारखा वास सुटला होता आणि मी एकटीच हसत होते. वाडीच्या बोअरमध्ये फ्लोराइड होतं ते अगदी नावापुरतं.

साहेबांनी दोन्ही टेकड्या बघितल्या. खुर्चीत बसले. मग म्हणाले, "ठीक. पण जमिनीखाली व्हिनेगर कुठून आलं? हे सांगता येत नाही तोवर मी सही करणार नाही. आधीच एक अहवाल गेलाय. दुसरा उलटा गेला तर आपलं नाव जाईल."

"नाही गेला तर त्यांचा बोअर जाईल."

यावर ते एसीकडे बघत म्हणाले, "स्वतः जाऊन नमुना आणा."

मग मी, भोईरमामा आणि खांद्यावर पंपाचा दांडा घेतलेला पंचायतीचा शिपाई, असे तिघं वाडीला गेलो. डोंगरात मोहाचे दिवस होते. पानं झडलेल्या झाडांखाली मोत्यांसारखी फुलं पडलेली, अंगणाअंगणांत ती वाळत घातलेली, आणि सगळ्या वाटेवर तो गोडसर, जड वास. शिपायानं दांडा तात्पुरता बसवला. बायका लांबूनच बघत होत्या. मी प्रयोगशाळेची बाटली धुवून भरली तेवढ्यात भोईरमामा मदतीच्या भावनेनं पुढे झाले.

"मॅडम, ही नका भरू. एसटीत गळते. माझा सदरा भिजवते दर खेपेला. ह्या लांबच्या वाडीचं पानी मी आपला माझ्या बाटलीत आनतो आन गेटपाशी हिच्यात ओततो." असं म्हणून त्यांनी पिशवीतून एक पांढरी प्लास्टिकची बाटली काढली. "हिचं झाकण बघा कसं घट्ट हाय."

झाकण खरंच घट्ट होतं. मी उघडलं आणि नाकाशी नेलं. आजूबाजूच्या झाडांखाली जो वास होता तोच, पण पुष्कळ अनुभवी झालेला.

तिच्यातही पाणी भरून घेतलं आणि दोन्ही बाटल्या पिशवीत ठेवल्या. परतीच्या एसटीत भोईरमामा माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी विचारलं, "वास आला काय?"

"आला."

"काढा हाय तो."

"कशाचा?"

किन्हवली आली, माणसं उतरली, माणसं चढली. गाडी सुटल्यावर ते म्हणाले, "मोहाचा." मग थोड्या वेळानं, "पोटाला बरा असतो. साहेबांना सांगाल?"

"साहेबांना यंत्र सांगेल. बाटली कोणाची ते यंत्राला कळत नाही."

त्यांना किती हायसं वाटलं ते शेजारी बसून मला कळलं, कारण ताठरलेलं अंग सैल करून ते सरकले आणि मला नीट बसता आलं.

यंत्रानं सांगितलं. प्रयोगशाळेच्या बाटलीतल्या पाण्याला मागची टेकडी नव्हतीच, काढ्याच्या बाटलीतल्याला होती. पाणी पहिल्यापासून निर्मळ होतं. साहेबांना बाटली हुंगायला दिली तर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि "औषधी आहे" एवढंच म्हणाले. दुरुस्त अहवालात लिहिलं की नमुन्याची बाटली दूषित होती. साहेबांनी सही केली, पेन बंद केलं आणि उघडं करून पुन्हा एकदा सही केली, पहिली नीट उमटली नव्हती म्हणून.

दांडा कायमचा बसवायच्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गेले. भोईरमामाही आले होते. ते न येते तरी चाललं असतं, पण आले. शिपायानं बोल्ट पिळले, दोन-चार हिसके दिले, आणि पाणी आलं. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. बायकांनी हंडे ओळीनं लावले. काशीबाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मंग आता चांगलं झालं व्हय पानी?"

"पाणी आधीपासून चांगलंच होतं. ज्या बाटलीतून आलं ती खराब होती."

मी हे मोठ्या समाधानानं सांगितलं. पण बायकांच्या माना वळल्या त्या सगळ्यांच्या मागे उभ्या असलेल्या एका तरण्या बाईकडे. ती मंगली, काशीबाईची सून. दोन्ही वेळा नमुन्याची बाटली पंपाखाली तिनंच धरली होती. दांडा गेल्यापासून वाडीत कुजबुज होतीच की हिचा हात लागला आणि पाणी बिघडलं. आता माझ्या तोंडूनच बाटली खराब होती म्हटल्यावर त्या कुजबुजीला पुरावाच मिळाला. एकजण म्हणाली, "बग, मी बोललेच व्हते. राखेच्या हातानं धरली आसंल." मंगलीनं मान वर केली नाही. पदर मात्र बोटाला घट्ट गुंडाळत राहिली.

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. सांगायचं तर दुसऱ्याचं नाव घ्यावं लागणार होतं, आणि तो दुसरा दारूबंदी समितीचा अध्यक्ष पांढऱ्या सदऱ्यात तिथंच उभा होता.

भोईरमामांनी खिशातलं पेन काढलं, बघितलं आणि परत खिशाला लावलं.

"बाटली माझी व्हती," ते म्हणाले. "पोरीचा काय संबंद नाय. तिच्यात आधी मोहाची व्हती. मी धुतली, पन नीट नाय धुतली."

शिपाई पाना हातात धरून तसाच. मग काशीबाईनं विचारलं, "कंची बाटली? पांढरी? घट्ट झाकनाची?"

"व्हय."

"मीच नाय का भरून दिल्ती तुला, गुडघ्याला चोळायला म्हनून?"

"व्हय. चोळली थोडी."

काशीबाई तिथंच दगडावर बसली आणि हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. आपल्याच भट्टीपायी आपण इतके दिवस दरी चढलो, हे तिला एकदम दिसलं असावं. तिचं बघून एकेक करत सगळ्या हसू लागल्या. मघाची ती राखेच्या हाताची बाईसुद्धा. फक्त मंगली हसत नव्हती. ती पुढे आली, ओळीतला पहिला हंडा बाजूला सारून तिथं आपला ठेवला, आणि भोईरमामांकडे बघून पंपाच्या दांड्याकडे नुसती हनुवटी केली.

मामांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. पेन माझ्याकडे दिलं. आणि पंप मारायला लागले. नवीन बसवलेला दांडा जड होता, ऊन डोक्यावर होतं, आणि प्रत्येक हिसक्याला त्यांच्या गुडघ्याचा आवाज मला ऐकू येत होता. हंडा काठोकाठ भरला. ते थांबले, कपाळ पुसलं, पुढच्या बाईसाठी जरा सरकले.

मंगलीनं भरलेला हंडा उचलला, कुडाच्या कडेला लावलेल्या भोपळ्याच्या वेलाला सगळा शांतपणे घातला, आणि रिकामा हंडा आणून पुन्हा पंपाखाली ठेवला.